दुधाच्या पावतीखाली पोरीचं नाव

दादा, मी अजून हबकलेलीच आहे. लग्न झालं, पाहुणे गेले, मांडववाल्याचा टेम्पो बांबू भरून गेला, उरलेली बुंदी गल्लीत वाटून झाली, तरी माझ्या जिवाचं धाड धाड काही थांबत नाही. वाईट काही नाही, घाबरू नका. आनंदाचंच आहे, पण आनंदानंसुद्धा माणसाची झोप उडते हे मला या वयात कळलं. घरात कुणाला सांगायला जावं तर ते म्हणतात, आजी, आता किती वेळा तेच. म्हणून म्हटलं तुम्हाला सांगावं. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा चेहरा आठवायला गेलं तर आधी हात आठवतो, डाव्या अंगठ्याजवळचा तो काळा घट्टा आठवतो, आणि मग हाताला धरून चेहरा हळूहळू वर येतो. माझी शाळा दुसरीपर्यंतची, तीही तुमच्यासमोरच सुटली, तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घ्या. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर लिहिते आहे. कागद चांगला जाड आहे, शाई पलीकडं उतरत नाही.

सुरुवातीपासून सांगते, नाहीतर माझी गाडी भलत्याच फाट्याला वळते. तुमचा नातू, माझा मुलगा, आमच्या राहुरीकडच्या गावात दूध संकलन केंद्र चालवतो. सकाळ-संध्याकाळ लोक किटल्या घेऊन येतात, दूध मापात पडतं, त्याची फॅट बघतात आणि एका छोट्या यंत्रातून पावती बाहेर येते, एवढीशी, जीभ काढल्यासारखी. आधी तो हे सगळं हातानं लिहायचा आणि रोज कुणाशी तरी भांडायचा. मग त्याच्या मुलीनं, म्हणजे माझ्या नातीनं, त्याला कॉम्प्युटरवर चालणारा प्रोग्राम करून दिला. ती पुण्यात कंपनीत तेच काम करते. सुट्टीला घरी आली की बापाच्या केंद्रात बसून तिनं तो थोडा थोडा जुळवला. मला वाटायचं, पोरगी नुसती बोटं आपटतेय, याला काय काम म्हणायचं. एकदा मी मुलाचा सदरा धुवायला घेतला, खिशात अशी एक पावती निघाली. माझी तुम्हाला माहीत आहे सवय, अक्षर दिसलं की वाचल्याशिवाय मला पुढं जाता येत नाही, मग ते साबणाच्या कागदावरचं असो. पावतीत वर दूध, फॅट, भाव, आणि सगळ्यात खाली बारीक अक्षरात एक ओळ. आधी एक वाटोळं, त्यात इंग्रजी अक्षर, मग साल, मग माझ्या नातीचं सबंध नाव, आणि पुढं लिहिलेलं, सर्व हक्क राखीव.

मी तिथंच मोरीत खाली बसले. हक्क हा शब्द मी आजवर फक्त जमिनीच्या कागदात बघितलेला. तसाच ओला हात घेऊन बाहेर आले आणि मुलाला विचारलं, "का रं, केंद्र पोरीच्या नावावर केलंस व्हय? निदान मला इचारायचं तरी." तो एवढा हसला की समोरच्या गिऱ्हाइकाचं दूध मापाबाहेर गेलं. म्हणाला, "आई, केंद्र माझंच हाय. पर ह्यो प्रोग्राम तिनं लिहिलाय, म्हनून तिचं नाव." मी परत मोरीत आले, पण कपडे काही धुतले गेले नाहीत त्या दिवशी. कारण मला तुम्ही आठवलात.

जामखेडच्या बाजारात भांड्याच्या दुकानाबाहेर तुमची बसायची जागा. दुकान दुसऱ्याचं, पायरी तेवढी तुमची. खाली पोतं, पुढं लाकडाचा ठोकळा, हातात ती बोटाएवढी छिन्नी. लग्नसराईत लोक आत तांब्या-पितळेची भांडी घेणार आणि बाहेर तुमच्याकडं नाव घालायला देणार. आता लोक स्टीलची भांडी घेतात आणि नाव घालायला विजेचं यंत्र असतं, भुंग्यासारखं घूं घूं करतं, अक्षर असं निघतं जसं कोंबडीनं माती उकरलीय. तुमचं तसं नव्हतं. तुम्ही आधी खडूनं फळीवर ओळ लिहायचा, गिऱ्हाइकाला मोठ्यानं वाचून दाखवायचा, तो "बराबर" म्हणाला की मगच छिन्नी उचलायचा. मग त्या फळीकडं बघत परातीपासून फुलपात्रापर्यंत तीच ओळ, तीच ओळ. सकाळची अक्षरं ताठ उभी असायची, दुपार कलली की तीही जराशी कलायची. मी शेजारी बसून अक्षरांवरून बोट फिरवायची. माझी खरी शाळा तीच. 'सौ.' कसं काढायचं हे मला 'ग म भ न'च्या आधी यायला लागलं. आणि एक दिवस मी विचारते आहे, दादा, एवढ्या भांड्यांवर साऱ्या जगाची नावं, तुमचं कुठंय? तुम्ही हातोडी थांबवता, माझ्याकडं न बघता म्हणता, "ज्यानं दिलं त्याचं नाव. आपुन घालनारे. घालनाराचं नाव नसतंय." आवाज चढवला नव्हता तुम्ही, पण पुन्हा विचारायची माझी हिंमत झाली नाही. मला ते जन्मभर पटलेलंच होतं. भाकरीवर थापणारीचं नाव नसतं, झंपरावर शिवणारीचं नसतं, तसंच हे. आणि आता माझ्या घरात घालणारीनंच आपलं नाव घातलं होतं, आणि कुणी तिला रागावलं नव्हतं.

रविवारी पोरगी आली तेव्हा मी तिला धरलंच. मी मेथी निवडते आहे, ती फ्रिजशेजारच्या बोर्डाला वायर लावून खालीच मांडी घालून बसली आहे, मांडीवर लॅपटॉप. म्हटलं, तुझं नाव कुठं ठेवलंय ते दाखव. तिला मजा वाटली. तिनं पडदा माझ्याकडं वळवला. सगळं इंग्रजी, मुंग्यांची रांग लागावी तसं. पण अगदी वर, जिथून सगळं सुरू होतं तिथं, एक ओळ आपल्या अक्षरातली. तीच, पावतीवरची. मी ती वाचली तेव्हा असं वाटलं, परमुलखात एसटीतून उतरले आणि आपल्या गावचा माणूस भेटला. विचारलं, हे वाटोळ्यातलं काय? ती म्हणाली, आजी, त्याचा अर्थ हे मी बनवलंय, मला विचारल्याशिवाय दुसऱ्या कुणी आपलं म्हणू नये. पुढचं साल, कधी बनवलं त्याचं.

मग तिनं सांगितलं की आधी तिनं ही ओळ जिथं जिथं लागेल तिथं तिथं वेगवेगळी लिहिली होती. पावतीवर एकदा, पहिल्या पडद्यावर एकदा, महिन्याच्या बिलावर एकदा, असं. साल बदललं तेव्हा ती सगळीकडं बदलत बसली, आणि तरी एका जागी जुनंच राहिलं, आणि एका जागी तर तिच्याच नावातलं अक्षर गळालेलं. कंपनीतल्या थोरल्या बाईंनी बघितलं आणि म्हणाल्या, अगं, असं नसतं करायचं. एकदाच, वरच्या बाजूला लिहायचं, त्याला एक खूण द्यायची, ती खूण मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहायची म्हणजे बघणाऱ्याला कळतं, याला हात लावायचा नाही. बाकी सगळीकडं ओळ लिहायचीच नाही, नुसती खूण लिहायची. त्याला कॉन्स्टंट म्हणतात म्हणे. मी म्हटलं, म्हणजे काय? ती म्हणाली, "प्रोग्राम चालू असला की बाकी सगळं बदलत असतं. दुधाचं माप बदलतं, फॅट बदलते, भाव बदलतो. हे बदलत नाही. कुणी काहीही दाबलं तरी नाही." मी म्हटलं, "आन् तुला बदलायचं झालं तर?" ती म्हणाली, "मला येतं. प्रोग्राम बंद करून, इथं वर येऊन. मग एका ओळीत सगळीकडचं बदलतं." आणि मला दाखवायला तिनं सालाच्या जागी काहीतरी भलतंच टाकलं, आणि पावती, पडदा, बिल, सगळीकडं ते भलतंच झालं. परत पहिल्यासारखं केलं तसं सगळीकडं परत झालं. माझ्या हातातली मेथी खाली पडली. दादा, तुमची फळी होती ना खडूची, तशी फळी, पण फळीवर लिहिलं की भांड्यांवर आपोआप उमटतं, छिन्नी नको, हातोडी नको, संध्याकाळी कलणारं अक्षर नको.

"दुसऱ्यानं आपलं म्हणू नये" हे ती किती सहज बोलून गेली. मला मात्र माझ्या लग्नातली भांडी दिसायला लागली. तुम्हालाही दिसत असतील. तुम्ही किती हौसेनं घातली होती नावं. बापाचं नाव घालायचं नाही हा तुमचा हट्ट, म्हणून नुसतं माझं नाव, आधी 'सौ.' आणि पुढं सासरचं आडनाव. लग्नाआधीच घालून ठेवलं, कारण तुम्हाला सासरचं आडनाव कोरून बघायची घाई. आणि कुणाला ठाऊक होतं की माझ्या सासूबाईंचंही तेच नाव. ठाऊक होणार कसं. सोयरीक जुळवताना बोलणारे सगळे पुरुष, बाईचं नाव कोण काढतंय. त्या गावाला थोरल्या बाई, घरात आई. लग्न लागलं, वरात राहुरीकडं आली, ताटात तांदूळ पसरले तेव्हा कुणीतरी म्हणालं, अगं बाई, हिचं आणि थोरल्या बाईंचं एकच की. सुनेला सासूच्या नावानं हाक कशी मारायची. तिथंच उभ्या उभ्या दुसरं नाव काढलं, तांदळात अंगठीनं लिहिलं, साखर वाटली. एका साखरेच्या चिमटीत मी दुसरी झाले. आणि दुसऱ्या दिवशी भांडी उघडली, तर प्रत्येक भांड्यावर सासूबाईंचं सबंध नाव, 'सौ.'सकट. त्या इतक्या हरखल्या. म्हणाल्या, "व्याही लई मानाचे. माझ्या नावानं भांडी धाडली." त्यांना कोण सांगणार. सगळी त्यांच्या फडताळात लागली, आणि पुढं त्यांनी ती आपल्या लेकीला दिली. सासूबाई वाईट नव्हत्या हो. नाव त्यांचं होतं, भांडी त्यांची वाटली. चूक शोधायला गेलं तर कुणाचीच सापडत नाही.

तुम्ही पंचमीला मला न्यायला आलात तेव्हा त्यांनी तुम्हाला पाणी दिलं ते त्यातल्याच तांब्यातून. तुम्ही तांब्या हातात फिरवलात, नाव बघितलंत, फडताळाकडं बघितलंत आणि पाणी पिऊन टाकलंत. घरात काही बोलला नाहीत. एसटी नगरच्या पुढं गेल्यावर, खिडकीबाहेर बघत म्हणालात, "छिन्नीनं घातलेलं पुसता येत न्हाई, पोरी. न्हाईतर पुसून दिलं असतं." आणि मग शेंगांची पुडी पुढं करताना मला जुन्या नावानं हाक मारलीत. तुम्ही शेवटपर्यंत नवं नाव तोंडात घेतलं नाहीत, आणि तुम्ही गेलात त्या दिवसापासून जुन्या नावानं हाक मारणारं कुणी उरलं नाही. आत्यानं पाळण्यात ठेवलेलं नाव, ते मी इथं लिहीत नाही, तुम्हाला सांगायची काय गरज. जाऊ दे. आता तर जिल्ह्याचंसुद्धा नाव बदललंय, ऐकाल तर. अहिल्यानगर झालंय. आम्ही म्हातारी माणसं आपलं 'नगरला जाऊन येते' म्हणतो, जुन्यातही नगर होतं, नव्यातही आहे, कुणी हटकत नाही.

तर पोरीचं लग्न ठरलं. मुलगा मिरजगावचा, पुण्यातच कामाला, दोघांनी एकमेकांना तिथंच पसंत केलेलं. पण बैठक रीतीनं झाली पाहिजे म्हणून ती मंडळी आमच्याकडं आली. मुलगा, त्याचे वडील, आई, आणि त्याची आत्या. मुलाला आत्यानंच लहानाचा मोठा केलेला, कारण आई-बाप दोघं दुधाच्या धंद्यात. त्यांचंही मिरजगावला दूध केंद्र आहे, आमच्यापेक्षा मोठं. पोहे झाले, मान-पान झाला, तारीख झाली, आणि मग आत्याबाईंनी पदर सारखा करून सांगितलं, "आमच्यात नाव बदलायची रीत हाय. पोराच्या नावाला जुळंल असं काढून ठिवलंय आमी." आणि नाव सांगितलं. नाव छान होतं, मी खोटं बोलणार नाही. माझ्या मुलानं लगेच मान डोलावली. "तुमची रीत ती आमची." लेकीचा बाप, बैठकीत दुसरं काय म्हणणार. मग मुलाचे वडील खुशीत येऊन म्हणाले की तुमच्या पोरीचा प्रोग्राम आम्ही आमच्या केंद्रात लावणार, गावात सांगणार, बघा आमच्या सुनेनं लिहिलाय. "फकस्त पावतीवर नवं नाव टाकून द्या. एकाच बाईची दोन नावं बरी दिसत न्हाईत." माझा मुलगा म्हणाला, "त्यात काय अवघड. एकच ओळ हाय, ती बदलली की सगळीकडचं बदलतंय. तीच सांगत हुती." आणि पोरीला म्हणाला, आण गं लॅपटॉप, समोरच करून दाखव.

ती घेऊन आली. मला वाटलं होतं नाही म्हणेल. पण ती खाली बसली, तो वरचा भाग उघडला, ओळीच्या शेवटी ती उघडझाप करणारी काडी आणून ठेवली. तिचा तो चेहरा मी ओळखते. लहानपणी नावडती भाजी आधी संपवून टाकायची, घास न चावता, तोच चेहरा. नवरामुलगा तिच्याकडं बघत होता, पण आत्यापुढं त्याचं तोंड उघडेना. पोरीनं एक अक्षर पुसलं. मग दुसरं. माझ्या डोळ्यांदेखत नाव मागच्या बाजूनं कमी व्हायला लागलं, आणि माझ्या तोंडातून निघून गेलं, "थांब गं."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. दादा, सोयरिकीच्या बैठकीत मी जन्मात कधी बोलले नव्हते, आणि आता थांब म्हटल्यावर पुढं काय म्हणायचं ते माझ्याजवळ तयार नव्हतं. म्हणून मी भांड्यांची गोष्टच सांगायला लागले. आधी त्यांना वाटलं म्हातारी भरकटली. मग सासूबाई हरखल्या त्या जागी मुलाची आई हसायला लागली, तोंडाला पदर लावून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मलाही हसू आलं. हसता हसताच तिनं विचारलं, "मग आजी, तुमचं पयलं नाव काय हुतं?"

मी सांगितलं. मोठ्यानं, सगळ्यांत. माझंच नाव, पण तोंडातून बाहेर पडलं तेव्हा मला ते कुणा लहान पोरीला हाक मारल्यासारखं ऐकू आलं. माझा मुलगा, पन्नाशी उलटलेला माणूस, माझ्याकडं असा बघतो आहे जशी मी आत्ताच कुठून तरी गाडीतून उतरले. म्हणाला, "आई, मला तर वाटायचं तुझं हेच नाव. तू कधी बोलली न्हाईस." मी म्हटलं, "तू कधी इचारलंस?"

मुलाच्या आईचं हसू थांबलं होतं. ती म्हणाली, "माझं बी बदललेलं हाय," आणि आपलं सांगितलं. तिचा नवरा तिच्याकडं वळून म्हणाला, "व्हय की. इसरलोच हुतो." ज्यानं स्वतःच्या हातानं तांदळात लिहिलं तो विसरला, आता बोला. आत्याबाईंना हे सगळं हाताबाहेर चाललेलं दिसत होतं. त्या जरा खोचून बोलल्या, "आता काय साऱ्या बायांची जुनी नावं हुडकत बसायचं का?" मुलाची आई शांतपणे म्हणाली, "बसू की. च्या व्हईस्तवर दुसरं काय काम हाय. वन्सं, तुमचं काय हुतं?" पदराची कड बोटाला गुंडाळत आत्याबाईंनी हळूच सांगितलं, आणि लगेच पुढं जोडलं, "पर मला ते आवडायचं न्हाई. नवंच बरं हाय." ते ऐकून मला त्या बाई एकदम आवडल्या.

तेवढ्यात पोरीनं पुसलेली अक्षरं परत लिहिली. बटणांवरून हात उचलला आणि बैठकीकडं वळली. "मला नाही बदलायचं. इथंही नाही आणि ताटातही नाही. त्यावरून मोडणार असेल तर आत्ताच सांगा. चहा मात्र पिऊन जा, सगळ्यांचा टाकलाय." माझ्या मुलाचा चेहरा राखेसारखा झाला. सूनबाई, पोरीची आई, आतल्या दारात कपबशा घेऊन तशीच उभी. आणि माझी काय गत झाली असेल. मी नुसती थांब म्हटलं होतं, पोरीनं सगळं लग्नच तागडीत टाकलं. माझ्यामुळं मोडलं तर हिच्या आयुष्याचं काय, हाच विचार. मुलाचे वडील मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "ते समदं ठीक हाय. पर ताटात लिहायचं काय? ताट मोकळं ठिवता यायचं न्हाई." तेव्हा तो मुलगा, इतका वेळ मुका बसलेला, आत्याकडं न बघता म्हणाला, "आहे तेच लिहितो की. अक्षर चांगलं काढीन."

पहिल्यांदा कोण हसलं ते मला आठवत नाही. बहुतेक त्याची आईच. आत्याबाई उठून आत गेल्या, मला वाटलं रुसल्या, तर सूनबाईच्या हातातल्या कपबशा घेऊन बाहेर आल्या आणि भावाला म्हणाल्या, "साखर मात्र वाटायची. न्हाईतर लोक म्हनतील, रीत मोडली." साखर वाटायचं ठरलं.

आणि दादा, ते झालं. मिरजगावला लक्ष्मीपूजनाच्या वेळी मी सगळ्यांना कोपरानं बाजूला सारत पुढं गेले. या वयात मला कोण अडवतंय. ताटात तांदूळ पसरलेले, मुलगा वाकून अंगठीनं लिहितो आहे, जीभ दातात धरून, शाळेतल्या पोरासारखा. एक अक्षर, दुसरं अक्षर, आणि मी मनातल्या मनात पुढचं अक्षर दुसरंच येईल म्हणून वाट बघते आहे, कारण मला आजवर ताटात दुसरंच आलेलं माहीत. नाही आलं. तेच नाव पुरं झालं. ज्या नावानं हाक मारून मी तिला पाळण्यातून उचलली, तेच. कुणी साखर हातावर ठेवली ती मी खाल्ली की नाही तेसुद्धा आठवत नाही. पोरीकडं बघितलं तर ती हसत होती, जशी काय ही नेहमीचीच गोष्ट. तिला काय माहीत. तिच्यासाठी नेहमीचीच असू दे. पण मी अशी थक्क उभी होते की फोटोवाला दोनदा म्हणाला, आजी, जरा मागं सरका.

आता मिरजगावच्या केंद्रातही तिचीच ओळ पावतीखाली येते. मुलाचे वडील पहिली पावती घेऊन गावभर दाखवून आले म्हणे. हे सगळं लिहून झालं, पण कॅलेंडरचे हे कागद कुठं टाकायचे ते मला कळत नाही. तुम्ही आहात तिथं पोस्टमन जात नाही, आणि घरात ठेवले तर कुणीतरी वाचेल. फडताळात गव्हाच्या डब्यामागं ठेवते सध्या.

एक तेवढं राहिलं. ती पुण्याला निघाली त्या सकाळी माझ्याशेजारी येऊन बसली आणि म्हणाली, आजी, प्रोग्राममध्ये माझ्या नावाखाली आणखी एक ओळ घालता येते, आभाराची, तीही कॉन्स्टंटच. तुझं घालू का? पहिलं, तुझं स्वतःचं? मी म्हटलं, चल, काहीतरीच, मिरजगावच्या लोकांना म्हातारीच्या नावाचं काय करायचंय. नको. ती "बरं" म्हणाली आणि बॅग उचलून गेली. आजकालच्या पोरी गुणी आहेत, एकदा सांगितलेलं लगेच ऐकतात. पण दादा, तुम्हालाच सांगते, तिनं दुसऱ्यांदा विचारलं असतं तर मी हो म्हणाले असते.